चर्चच्या आवारातले झेंडावंदन आणि देशासाठीची उपासना: कोल्हापूरच्या मंडळ्यांसाठी

कोल्हापुरात १५ ऑगस्ट म्हणजे पाऊस, झेंडावंदन आणि जिलेबी. चर्चच्या आवारातही यापेक्षा वेगळे काही नसते. अडते ते झेंड्यानंतरच्या तासाभरात. राष्ट्रगीत उपासनेत घ्यायचे की बाहेर, झेंडा वेदीजवळ ठेवायचा का, प्रार्थनेत सरकारचा उल्लेख कसा करायचा, यावर कमिटी आदल्या रात्री वाद घालत बसते आणि सकाळी घाईत सगळ्याची मिसळ होते. म्हणून आधी एक गोष्ट ठरवून टाकावी: झेंडा आवारात, देश प्रार्थनेत, आणि आराधना फक्त देवाची. एवढे पक्के असले की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

दुसरे असे की हा कार्यक्रम ‘आम्हीही देशभक्त आहोत’ हे दाखवण्यासाठी करू नये. दाखवायला निघाले की बॅनर मोठा होतो, पाहुण्यांची यादी लांबते, फोटो भरपूर निघतात आणि प्रार्थना दोन मिनिटांत उरकते. देशासाठी प्रार्थना करणे हे ख्रिस्ती माणसाचे नेमून दिलेले काम आहे (१ तीमथ्य २:१-२). ते काम रोमी बादशहाच्या अमलात राहणाऱ्यांना सांगितले होते. राज्यकर्ते आपल्या मताचे असावेत अशी अट त्यात नाही.

पंधरा दिवस आधी: खांब, दोरी, झेंडा

आवारात कायमचा खांब नसेल तर दोन इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप पुरतो. १५ फूट उंचीला ३ × २ फुटांचा झेंडा शोभतो. ध्वजसंहितेतल्या, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या वापराच्या सरकारी नियमांतल्या, प्रमाणित मापांत हा ९०० × ६०० मिलिमीटरचा. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असलेच पाहिजे आणि चक्रात २४ आरे मोजून पाहावेत. रस्त्यावर विकायला येणाऱ्या स्वस्त झेंड्यांत आरे कमी असतात, चक्र लांबट छापलेले असते. खादीचाच झेंडा हवा हा नियम आता नाही. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावर विणलेले कापडही चालते. ऑगस्टच्या झडीत पॉलिस्टर सोयीचे, कारण भिजलेली खादी जड होते आणि वारा पडला की खांबाला चिकटून बसते. जानेवारीत मात्र खादीच घ्यावी. ती दिसते वेगळी.

दोरी नायलॉनची, खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर पाचेक फूट, म्हणजे १५ फुटांना ३५ फूट. सुती दोरी पावसाने फुगते आणि कप्पीत अडकते. बहुतेक फजित्यांचे मूळ हेच. कप्पीला आठवडाभर आधी तेल घालून रिकामी दोरी पाच-सहा वेळा वर-खाली करून बघा.

झेंडा बांधणे हे एकाच माणसाचे काम ठेवा. भगव्या पट्ट्याच्या बाजूच्या दोरीला आधीच चिकटपट्टीची खूण करावी, म्हणजे सकाळच्या गडबडीत हिरवा वर जाणार नाही. झेंड्याची आडवी घडी घालून बाहेरच्या टोकाकडून दोरीकडे आणत आणत पुडी करायची, आत मूठभर कोरड्या पाकळ्या टाकायच्या आणि दोरीचे दोन वेढे देऊन शेवटी सुरगाठ मारायची. निरगाठ बसली तर प्रमुख पाहुणे ओढत राहतात आणि मंडळी वर बघत राहते. पाकळ्या ओल्या असल्या तर त्या कापडाला चिकटतात, झेंडा अर्धाच उलगडतो. झेंडू आदल्या दिवशी आणून कागदावर पसरून ठेवावा. मूठभर म्हणजे मूठभरच. ओंजळभर पाकळ्यांनी पुडी फुगते आणि वर जातानाच सुटते.

एक प्रश्न नेहमी येतो: चर्चच्या शिखरावरचा क्रूस झेंड्यापेक्षा उंच आहे, चालतो का? चालतो. संहितेची मनाई आहे ती दुसरा ध्वज किंवा पताका राष्ट्रध्वजापेक्षा उंच अथवा त्याच्या बरोबरीने लावायला. मंडळीचा, तरुण संघाचा, संडे स्कूलचा झेंडा असेल तर तो त्या दिवशी आतच राहू द्या. ध्वजस्तंभाच्या टोकावर मात्र क्रूस, हार, फुले, कोणतेही चिन्ह लावायचे नाही. भक्तिभावाने लावले तरी ती चूकच.

वेळ

जिल्ह्याचे मुख्य शासकीय ध्वजारोहण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास असते आणि ८.३५ ते ९.३५ या वेळेत शासकीय-निमशासकीय संस्थांनी दुसरे कार्यक्रम ठेवू नयेत असे परिपत्रक निघते. चर्चच्या आवारात अनुदानित शाळा असेल तर हे आधी पाहा. नसले तरी चर्चने झेंडावंदन साडेसातला उरकणे बरे, कारण मुलांना शाळेत आणि नोकरदारांना कचेरीत जायचे असते. ७.१५ ला जमणे, ७.३० ला झेंडा, ७.४० ला आत उपासना, ८.३० ला आशीर्वाद. स्पीकर लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आठवडाभर आधी घ्यावी.

कॅथलिक धर्मग्रामांत १५ ऑगस्ट हा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही असतो. तिथे मिस्सा त्या सणाचीच व्हायला हवी. स्वातंत्र्यदिनाची जागा विश्वासू लोकांच्या प्रार्थनांत आणि मिस्सेनंतर बाहेर. दोन्ही सण एका प्रवचनात कोंबू नयेत. मरियेच्या स्तोत्रातले ‘बलवानांना सिंहासनावरून खाली ओढले, दीनांना उंच केले’ हे लूकच्या पहिल्या अध्यायातले वचन मात्र दोन्हीकडे बसते. प्रवचनाला तेवढा धागा पुष्कळ झाला.

खांबापाशी

झेंडा चटकन वर जायला हवा. संथपणे उतरवायचा तो संध्याकाळी. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. गाताना कोणी पुढे येऊन हातवारे करून चाल धरायची गरज नाही. पहिली ओळ ज्याला नीट उचलता येते असा एक माणूस पुरे. चर्चच्या गायकवर्गाला त्यात तीन सूर घालायचा मोह होतो. घालू नयेत, सगळ्यांना एकत्र म्हणता आले पाहिजे. राज्यगीत घ्यायचे असेल तर राष्ट्रगीतानंतर.

झेंड्याला सलाम करणे म्हणजे मूर्तिपूजा नव्हे काय, असे काही विश्वासणारे मनापासून विचारतात. त्यांना हसून उडवू नये, शास्त्रातून उत्तर द्यावे. अब्राहामाने हेथी लोकांना, म्हणजे त्या देशाच्या रहिवाशांना, लवून नमस्कार केला (उत्पत्ती २३:७). तो मान होता. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिघांनी राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीपुढे दंडवत घालायला नकार दिला. ती आराधना होती. आणि हे तिघे त्याच राजाच्या राज्यात अधिकारी होते, नकारानंतरही राहिले. मान आणि आराधना यांतली रेघ इथे आहे. तरीही एखाद्याचे मन घेत नसेल तर त्याने स्तब्ध उभे राहावे. केरळात ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढले होते. ती मुले आदराने उभी राहत असत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या मंडळ्यांत बहुतेकांना राष्ट्रगीत म्हणायला काहीच अडचण नाही, पण न म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवायचे नाही हे मुलांना माहीत असावे.

खरी कुचंबणा होते ती बाहेरच्या कार्यक्रमात. कारखान्यात, सोसायटीत, तालीम मंडळापाशी खांबाला हळदकुंकू लावतात, नारळ वाढवतात, भारतमातेच्या तसबिरीला आरती होते आणि कोणीतरी प्रेमाने म्हणते, ‘दादा, या की, नारळ तुमच्या हातनं.’ ऐन वेळी तोंड चुकवून मागे सरकणे सर्वांत वाईट. आदल्या दिवशीच सांगून ठेवावे: ‘झेंडा चढवायला, राष्ट्रगीत म्हणायला मी पहिल्या रांगेत; पूजेचं तेवढं दुसऱ्या कुणाला तरी द्या.’ आणि मग खरोखर पहिल्या रांगेत, वेळेआधी दहा मिनिटे हजर राहावे. खुर्च्या मांडाव्यात, जिलेबी वाटावी. लोक नकार समजून घेतात. गैरहजेरी मात्र लक्षात ठेवतात. रोमन काळातले ख्रिस्ती बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळत नसत, पण त्याच्यासाठी प्रार्थना करीत. प्रथा जुनीच आहे. आरतीबाबत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांची वहिवाट वेगळी आहे, तेव्हा एकाने दुसऱ्याला मोजू नये.

आत गेल्यावर

झेंडा वेदीवर, व्यासपीठाच्या मेजावर किंवा पुलपिटावर पांघरायचा नाही. ध्वजसंहिताही बोलणाऱ्याचे मेज झाकायला किंवा शोभेचे कापड म्हणून तो वापरायला मनाई करते, म्हणजे इथे कायदा आणि धर्मशास्त्र एकाच बाजूला आहेत. सभागृहात ठेवायचाच असेल तर बोलणारा लोकांकडे तोंड करून उभा असताना त्याच्या उजव्या हाताला. आमच्या मते आत नसलेलाच बरा. बाहेर सन्मानाने फडकतो आहे, तेवढे पुरेसे.

तिरंगी रुमाल, उशा, नॅपकिन हे संहितेत बसत नाहीत. प्लास्टिकचे छोटे झेंडे नकोत. कागदी चालतात, पण कार्यक्रमानंतर संडे स्कूलच्या दोन मुलांना ते गोळा करायला लावा, चिखलात पडू देऊ नका. केकबद्दल विचारणा होते म्हणून सांगायचे: कोईमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगी नकाशाचा मोठा केक कापला म्हणून तक्रार झाली आणि मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ते प्रकरण रद्द केले. गुन्हा होत नाही हे खरे. पण सात-आठ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा जिलेबी बरी.

उपासनेचा क्रम नेहमीचाच ठेवा: गीत, पापांगीकार (पापांची कबुली), शास्त्रपाठ, बोध (प्रवचन), मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली सगळ्यांना पाठ असलेली दोन गीते घ्या, नवीन देशभक्तिपर गाणे शिकवायचा हा दिवस नव्हे.

शास्त्रपाठाची निवड मात्र विचाराने करावी, कारण इथेच गफलत होते. स्तोत्र ३३:१२, ‘ज्या राष्ट्राचा देव परमेश्वर आहे ते धन्य’, हे आणि २ इतिहास ७:१४ (माझ्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली तर मी त्यांचा देश बरा करीन) ही दोन वचने स्वातंत्र्यदिनाला हमखास वाचली जातात. दोन्ही इस्राएलाशी झालेल्या करारातली आहेत. ती उचलून थेट भारताला लावली की देश म्हणजेच देवाची मंडळी असा अर्थ निघतो, आणि मग जो मंडळीत नाही तो देशाला शाप आणतो असा दुसरा अर्थ त्यामागून येतो. शेजारची तालमीची पोरे झेंड्याला आलेली असताना हे ऐकू गेले तर वर्षभराचा शेजारधर्म गेला.

त्याऐवजी यिर्मया २९:४-७ घ्या. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पाडाव होऊन गेलेल्यांना यिर्मया संदेष्ट्याचे हे पत्र आहे: घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित. नगर परक्या देवांचे होते तरी आज्ञा हीच. आपण तर परके नाहीच, म्हणजे जबाबदारी वाढली. याच यिर्मयाला शत्रूला सामील झाला म्हणून पकडले होते (यिर्मया ३७:१३-१४), आणि शहर पडल्यावर बाबेलला सुखाने राहायची सोय देऊ केली तेव्हा तो उद्ध्वस्त देशातच, आपल्या लोकांत राहिला (४०:४-६). देशाच्या चुका बोलून दाखवणारा आणि देश न सोडणारा माणूस एकच असू शकतो, यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. जोडीला रोमकरांस १३:१-७ (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) आणि प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी) ही दोन्ही वाचा. एकच वाचले तर मंडळी एक तर सरकारपुढे मान तुकवायला शिकते, नाही तर ऊठसूट विरोध करायला.

बोध १२ मिनिटांचा. पक्षाचे नाव नाही, उमेदवार पाहुणा नाही. एकच माणूस घेऊन बोलावे. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाला हजर होत्या. काका जोसेफ बॅप्टिस्टा १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे, म्हणजे स्वराज्य मागणाऱ्या संघटनेचे, अध्यक्ष होते. हरेंद्र कुमार मुखर्जी संविधान सभेचे उपाध्यक्ष होते, राजकुमारी अमृत कौर पहिल्या आरोग्यमंत्री. लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांना १९७१ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पाचही नावे एका दमात घेतली तर यादी होते. मुलांना एकही लक्षात राहत नाही.

‘परदेशी धर्म’ हा टोमणा कॉलेजातली मुले ऐकतात, तेव्हा त्याचे सरळ उत्तरही त्यांना द्या. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५० च्या दशकात आले हे खरे, ते लपवायचे कारण नाही. पण केरळात ख्रिस्ती मंडळी युरोपीय जहाजे येण्याआधी शतकानुशतके होती. आणि आपल्या गावात शाहू महाराजांनी जी समाजासमाजांची वसतिगृहे उभी केली त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. आणखी एक तपशील मुलांना आवडतो: १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर हे संस्थानच होते, मुंबई राज्यात ते १ मार्च १९४९ ला विलीन झाले.

मध्यस्थीची प्रार्थना कशी लिहावी

ही आयत्या वेळी कोणाला सांगू नये. लिहून काढावी आणि आठ मिनिटांत बसवावी. पाच विनंत्या, प्रत्येकी तीन-चार वाक्ये, प्रत्येकीनंतर मंडळीचा एक ठरलेला प्रतिसाद. पाच जण पाच ठिकाणांहून वाचतील, त्यांत एक शाळकरी मूल आणि एक आजी असावी.

पहिली विनंती राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, महापालिका यांच्यासाठी. पदांनी, नावे घेतलीच तर सगळ्यांची घ्या. स्तोत्र ७२ मधली मागणी इथे नेमकी लागते: राज्यकर्त्याला गरिबांचा न्याय करता यावा. ‘त्यांना सद्बुद्धी दे’ हे वाक्य टाळा. मराठीत ते प्रार्थनेपेक्षा टोमण्यासारखे ऐकू येते. दुसरी सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावे आहेत, नाव घेऊन प्रार्थना करा. सीमेपलीकडच्या माणसांचा नाश मागू नका. शत्रूसाठीही प्रार्थना करा ही आज्ञा १५ ऑगस्टला रद्द होत नाही.

तिसरी जिल्ह्याच्या कामकऱ्यांसाठी, इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, शेतमजूर, सफाई कामगार. चौथी पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ चा महापूर याच ऑगस्ट महिन्यातला. त्या सकाळी पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघून आकडा प्रार्थनेत घाला. असा एक आकडा आला की सगळी मंडळी जागी होते.

पाचवी पश्चात्तापाची, आणि ती ‘आम्ही’ म्हणून. बायबलमधल्या नहेम्याने आपल्या लोकांसाठी प्रार्थना करताना ‘आम्ही पाप केले’ असेच म्हटले, ‘त्यांनी’ नव्हे. जातीचा अहंकार, मुलीच्या लग्नातला हुंडा, कर चुकवणे, मतदानाला न जाणे हे मंडळीतही आहे. देशाच्या नावाने दुसऱ्यांची पापे देवाला मोजून दाखवणारी प्रार्थना लांबते फार, पोचत नाही.

अर्पण आणि त्यानंतर

त्या दिवसाचे अर्पण वेगळे मोजून पूरग्रस्तांसाठी किंवा जवळच्या सरकारी शाळेसाठी द्यावे. रक्कम आणि पावती पुढच्या रविवारी वाचून दाखवावी. रक्तदान ठेवायचे असेल तर रक्तपेढीशी महिनाभर आधी बोला. १८ ते ६५ वय, किमान ४५ किलो वजन, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना मागच्या दानानंतर ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस झालेले हवेत. सकाळी उपाशीपोटी उपासनेला आलेल्यांना आधी पोटभर खायला घाला, नाही तर घेरी येते. नव्या मतदारांसाठी नमुना ६ चे अर्ज एका टेबलावर ठेवले तर तरुण संघाला काम मिळते.

शेजाऱ्यांना बोलवायचे ते झेंड्याला आणि जिलेबीला. उपासनेला थांबायचे की नाही ते त्यांच्यावर सोडा, आणि झेंड्यापाशी पत्रके वाटू नका.

संध्याकाळी झेंडा कोण उतरवणार हे सकाळीच ठरलेले असावे. सगळ्यांत जास्त राहून जाते ते हेच. जुलै २०२२ पासून नागरिकांना रात्रीही झेंडा ठेवता येतो, पण पावसात, अंधारात विसरलेला झेंडा आणि ठेवलेला झेंडा यांत फरक आहे. भिजला असेल तर घडी न घालता छपराखाली पसरून वाळवावा. ओली घडी पेटीत गेली की आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात. फाटला, विटला तर कचऱ्यात नाही. एकांतात, सन्मानाने, पूर्ण जाळून टाकावा.

२६ जानेवारीला हाच क्रम, थोडा फरक करून. आत गेल्यावर शास्त्रपाठाआधी नव्हे, तर खांबापाशी राष्ट्रगीतानंतर संविधानाची उद्देशिका सगळ्यांनी म्हणावी; मोठ्या अक्षरांत छापून वाटली तर अडखळत नाहीत. पुराच्या विनंतीच्या जागी ऊसतोड मजुरांची घ्या, कारण तेव्हा गाळप हंगाम जोरात असतो आणि बीडकडून आलेली कुटुंबे जिल्ह्यातल्या फडांवर पालांत राहत असतात. त्या दिवशी जिलेबी दोन किलो जास्त मागवून जवळच्या फडावर पोचवायची व्यवस्था आदल्या दिवशीच करावी, कारण टोळ्या पहाटेच कोयते घेऊन निघतात.